स्लिपर ऑर्किडांचे संकर : आकार आणि रंग ह्यांची ओढाताण

मेघालयातील खासी टेकड्यांच्या ओलसर उतारांवर वाढणाऱ्या पॅफिओपेडिलम इन्सिग्नी ह्या जातीचे फूल आणि प्रदर्शनात पारितोषिक मिळविणाऱ्या तिच्या एखाद्या आधुनिक वंशजाचे फूल ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांचे नाते प्रथमदर्शनी पटणे कठीण जाते. मूळ जातीच्या फुलात बाजूच्या पाकळ्या अरुंद, कडेला नागमोडी आणि किंचित खाली झुकलेल्या असतात. वरच्या संदलावर पिवळट हिरव्या भूमीवर तपकिरी ठिपके असून टोकाशी पांढरी कड असते. वंशजाचे फूल मात्र जवळजवळ वर्तुळाकार, तळहाताएवढे आणि मेणाचे ओतीव असावे इतके जाड दिसते. हे अंतर सुमारे दीडशे वर्षांच्या संकरकार्यात कापले गेले. त्यात संकरकारांच्या डोळ्यांपुढे दोन उद्दिष्टे सतत होती : आकार सुधारणे आणि रंग शुद्ध करणे. ही दोन्ही उद्दिष्टे एकाच मार्गाने साधतील अशी समजूत दीर्घ काळ होती. गुणसूत्रांचा अभ्यास होऊ लागल्यावर मात्र त्या दोहोंची ओढ बऱ्याच अंशी परस्परविरुद्ध आहे, हे ध्यानात आले. ही ओढाताण कशी उद्भवते, हे समजून घेणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

स्लिपर ऑर्किडे ही आमर कुलातील एक स्वतंत्र उपकुल मानली जातात. इतर बहुसंख्य ऑर्किडांत एकच कार्यक्षम परागकोश असतो. ह्या गटात दोन असतात आणि तिसऱ्या केसरदलाचे ढालीसारखे वंध्य केसर बनलेले असते. तिसरी पाकळी, म्हणजे ओष्ठ, फुगीर होऊन सपातेच्या पुढच्या भागासारखी दिसते आणि त्यावरूनच ह्या गटाला नाव मिळाले. खालची दोन संदले जुळून एक झालेली असतात; वरचे पृष्ठसंदल मोकळे, मोठे आणि नजरेत भरणारे असते. आशियातील पॅफिओपेडिलम, दक्षिण व मध्य अमेरिकेतील फ्रॅग्मिपेडियम आणि उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण भागातील सिप्रिपेडियम ह्या त्यांतील मुख्य प्रजाती. जुन्या बागाईत वाङ्मयात ह्या सर्वांना सिप्रिपेडियम हेच नाव दिलेले आढळते. पॅफिओपेडिलम ही प्रजाती फित्सर ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८६ साली वेगळी केली. संकरकार्य सर्वांत अधिक झाले ते हिच्यातच. म्हणून येथील विवेचन मुख्यतः तिच्यापुरते आहे.

संकरकाराच्या भाषेत 'चांगला आकार' म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. पृष्ठसंदल रुंद व सपाट असावे, त्याच्या कडा मागे वळलेल्या नसाव्यात. पाकळ्या रुंद असून आडव्या रेषेत पसरलेल्या असाव्यात. खालचे संयुक्त संदल ओष्ठामागे पुरेसे दिसावे. आणि संपूर्ण फुलाभोवती वर्तुळ काढले तर त्यात रिकाम्या जागा कमीत कमी राहाव्यात. हा आदर्श निसर्गाने घालून दिलेला नाही. तो व्हिक्टोरियन इंग्लंडमधील परीक्षकांच्या अभिरुचीतून उपजला आणि पुढे परीक्षणाच्या गुणपत्रिकांतून रूढ झाला. फेअरीआनम ह्या हिमालयीन जातीच्या पाकळ्या प्रथम खाली आणि मग म्हशीच्या शिंगांप्रमाणे वर वळतात; वर्तुळाच्या कसोटीला त्या उतरणार नाहीत, पण त्यांच्या डौलाला उणे म्हणण्याचे धैर्य कोणी क्वचितच करील. असो. आदर्श कृत्रिम असला तरी त्याच्या मागे लागल्यामुळे जे घडले, ते आनुवंशिकीच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे.

गोल फुलांच्या ह्या वंशावळीचे मूळ भांडवल फार थोड्या जातींचे आहे, आणि त्यांतील बहुतेक ईशान्य भारत व ब्रह्मदेश ह्या पट्ट्यातील आहेत. इन्सिग्नीचे वर्णन लिंडलेने १८२१ साली प्रसिद्ध केले. काटकपणा, थंडीत फुलण्याची सवय आणि ठिपके ही तिची देणगी. आसामातून १८७८ च्या सुमारास इंग्लंडात पोचलेल्या स्पायसेरिआनम ह्या जातीचे पृष्ठसंदल शुभ्र असून त्याच्या मध्यातून जांभळी रेघ जाते; रंग अप्रतिम, पण बुडाशी त्या संदलाच्या कडा मागे वळतात, आणि हा दोष संततीत चिवटपणे उतरतो. व्हिलोसम ह्या जातीने रुंद पाकळ्या आणि रोगण दिल्यासारखी तकाकी दिली. शान टेकड्यांतून १८९३ साली आलेल्या चार्ल्सवर्थाय ह्या लहानशा जातीचे पृष्ठसंदल गुलाबी, पसरट आणि जवळजवळ गोल आहे. ह्यांना पुढे बेलाट्युलम व नायव्हियम ह्या आखूड दांड्याच्या, गोलसर फुलांच्या जातींची जोड मिळाली. बेलाट्युलममुळे गोलाई येते, पण तिच्याबरोबर फुलाचा भार न पेलणारा आखूड दांडाही येतो. एकही जाती निर्दोष नाही; प्रत्येकीकडून एखादा गुण उचलावा आणि तिचे दोष मागे ठेवावेत, हा ह्या कार्यामागचा साधा हिशेब होता.

आरंभ इंग्लंडात झाला. एक्झेटर येथील शल्यवैद्य जॉन हॅरिस ह्यांनी व्हेच ह्यांच्या रोपवाटिकेतील माळी जॉन डॉमिनी ह्यास ऑर्किडांच्या फुलांची रचना समजावून देऊन संकराची कल्पना सुचविली. डॉमिनीने निर्माण केलेला पहिला ऑर्किड संकर, कॅलँथी डॉमिनाय, १८५६ साली फुलला. व्हिलोसम व बार्बेटम ह्यांपासून त्याने केलेला स्लिपर ऑर्किडाचा पहिला संकर १८६९ साली फुलला आणि हॅरिस ह्यांच्या स्मरणार्थ त्यास हॅरिसिआनम असे नाव देण्यात आले. इन्सिग्नी व स्पायसेरिआनम ह्यांच्या संयोगातून १८८४ साली लीआनम हा संकर आला. हॅरिसिआनम ही आरंभाची खूण म्हणून महत्त्वाची. परंतु गोल फुलांच्या वंशावळीचा खरा पाया लीआनम हाच मानावा लागेल. त्याच्यापासून झालेले संकर पुन्हा इन्सिग्नी, व्हिलोसम आणि परस्परांशी जुळविले गेले, आणि पन्नास वर्षांत त्यांची गुंतागुंत इतकी वाढली की, त्यांना केवळ 'मिश्र संकर' असे म्हणण्याचा प्रघात पडला.

ह्या काळात संकरकारांना दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक झाल्या होत्या, पण त्यांचे कारण ठाऊक नव्हते. पहिली अशी की, काही विशिष्ट झाडे जनक म्हणून वापरली असता संततीत आकाराची एकदम झेप दिसे. दुसरी अशी की, फूल जसजसे मोठे व भरीव होत गेले तसतसे बी धरण्याचे प्रमाण घटत गेले. बोंड नीट वाढे, पक्व होई, पण उघडल्यावर आत गर्भहीन भुसा निघे. उत्तम फुलाचे झाड म्हणजे वांझ झाड, अशी एक खंत रोपवाटिकांतून ऐकू येई.

दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच होते, आणि ते गुणसूत्रांच्या गणनेतून मिळाले. इन्सिग्नी, व्हिलोसम, चार्ल्सवर्थाय आणि फेअरीआनम ह्या जातींत गुणसूत्रांची संख्या २६ आहे. स्पायसेरिआनममध्ये ती ३० भरते. प्रजातीत इतरत्र ही संख्या ४२ पर्यंत चढते. हा फरक गुणसूत्रद्रव्य वाढल्यामुळे मुख्यतः पडलेला नसून, मध्यावर जोड असलेली काही मोठी गुणसूत्रे जोडाशी दुभंगून दोन-दोन लहान गुणसूत्रे बनल्यामुळे पडला असावा, असा अर्थ लावला जातो. लीआनममध्ये एका बाजूने १३ आणि दुसऱ्या बाजूने १५ गुणसूत्रे येतात, एकूण २८. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी ह्यांच्या जोड्या सरळ लागत नाहीत. एका मोठ्या गुणसूत्राला दोन तुकड्यांशी मेळ घालावा लागतो, आणि वाटणी बिघडण्याचा संभव वाढतो. अशा परिस्थितीत बरीच गंतुके निकामी होतात. परंतु क्वचित एखाद्या पेशीत संख्या निम्मी होण्याची क्रियाच घडत नाही आणि संपूर्ण संच असलेले गंतुक तयार होते. सदोष गंतुकांच्या गर्दीत असे अन्यून गंतुक जगण्याच्या दृष्टीने सरस ठरते. त्याचा दुसऱ्या जनकाच्या सामान्य गंतुकाशी संयोग झाला की त्रिगुणित रोप जन्माला येते. दोन्हीकडून तसेच घडले तर चतुर्गुणित.

गुस्टाव्ह मेलक्विस्ट ह्यांनी पॅफिओपेडिलममधील बहुगुणिततेविषयी १९४७ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात रोपवाटिकांतील नामांकित झाडांची गणना देऊन हा संबंध स्पष्ट केला. इन्सिग्नीचा 'हेअरफील्ड हॉल' हा प्रकार मोठ्या फुलासाठी प्रसिद्ध होता व जनक म्हणून त्याचा सर्रास वापर झाला होता. तो त्रिगुणित, म्हणजे ३९ गुणसूत्रांचा, निघाला. ज्या झाडांना संकरकारांनी आकारासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडले होते, ती बहुतांशी त्रिगुणित, चतुर्गुणित किंवा त्यांच्या आसपासच्या विषम संख्यांची होती. संकरकाराने सूक्ष्मदर्शकातून न पाहता केवळ डोळ्यांनी बहुगुणितता निवडली होती. डंकन आणि मॅक्लिऑड ह्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून निरनिराळ्या जातींच्या गुणसूत्रांचे जे वर्णन केले, त्याने ह्या अभ्यासास पक्का आधार दिला.

बहुगुणितेत पेशी मोठ्या होतात, पाकळ्या जाड व रुंद होतात, कडांची नागमोड कमी होते आणि फूल अनेक आठवडे ताठ राहते. पण त्रिगुणित झाडात तीन संचांची दोन भागांत वाटणी व्हावयाची असते, आणि ती सम होऊच शकत नाही. गंतुकांत १३ पासून २६ पर्यंत कोणतीही संख्या येऊ शकते; त्यांपैकी दोन टोकांजवळची थोडी गंतुके जीवनक्षम ठरतात, मधली बहुतेक वाया जातात. खेचराच्या वंध्यत्वाशी ह्याची तुलना पुष्कळदा केली जाते, पण ती पूर्णपणे लागू पडत नाही. त्रिगुणित झाड अगदी वांझ नसते. शंभर बोंडांतून मूठभर रोपे मिळतात, आणि त्या मूठभरांत एखादे चतुर्गुणिताच्या जवळपासचे, असामान्य फुलाचे आणि प्रजननक्षम असे निघू शकते. १९५१ साली नोंदलेला 'विन्स्टन चर्चिल' हा संकर, पांढऱ्या कडेचे ठिपकेदार पृष्ठसंदल आणि भरदार आकार ह्यांमुळे, ह्या परंपरेतील उच्च बिंदूंपैकी एक समजला जातो. लीआनमपासून तेथवर पोचण्यास ६७ वर्षे लागली.

आता रंगाकडे वळावयाचे. पॅफिओपेडिलमच्या फुलात तीन प्रकारची रंगद्रव्ये एकमेकांवर पडदे धरतात. पेशीरसात विरघळलेली अँथोसायनिने गुलाबी, लाल व जांभळा रंग देतात, कॅरोटिनॉइडे पिवळा, आणि फुलातही टिकून राहणारे हरितद्रव्य हिरवा. लाल व हिरवा एकत्र आले की डोळ्यांना तपकिरी दिसतो. पॅफिओपेडिलमच्या जुन्या संकरांना जो एक मातकट, मळका रंग असे त्याचे कारण हेच. खऱ्या तपकिरी रंगाचे द्रव्य तेथे नसते. म्हणून 'लाल' फूल मिळवावयाचे असेल, तर लाल वाढविण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पाठीमागचे हिरवे व पिवळे घटविण्यास द्यावे लागते. शुद्ध पिवळे किंवा हिरवे-पांढरे फूल हवे असेल, तर उलट अँथोसायनिन समूळ नाहीसे व्हावे लागते.

अँथोसायनिन नसलेले प्रकार अनेक जातींत अधूनमधून सापडतात. बागाईत परिभाषेत त्यांना 'आल्बा' म्हणतात, मग ते प्रत्यक्षात पिवळे का असेनात! इन्सिग्नीचा 'सँडेरी' हा प्रकार असाच पिवळा आहे. हा गुण साधारणपणे अप्रभावी असतो. त्यामुळे दोन आल्बा झाडांच्या संयोगातून आल्बाच संतती यावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. आणि ती वारंवार खोटी ठरली. दोन निष्कलंक पिवळ्या-हिरव्या फुलांच्या संकरातून साधी तपकिरी-जांभळी फुले येत. ह्या कोड्याचा उलगडा करणाऱ्यांत चार्ल्स हर्स्ट ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १८९९ साली लंडनला भरलेल्या संकरविषयक परिषदेत त्यांनी ऑर्किडांवरील आपले प्रयोग मांडले होते, आणि मेंडेलच्या नियमांचा पुनःशोध लागल्यावर ते बेटसन ह्यांच्या बाजूने उभे राहिले. अँथोसायनिन तयार होण्यास एकाहून अधिक घटक एकत्र असावे लागतात. एका झाडात पहिला घटक निकामी असेल आणि दुसऱ्यात दुसरा, तर दोघेही रंगहीन दिसतात, पण त्यांच्या संततीत प्रत्येक घटकाची एक-एक सुस्थित प्रत येऊन रंग पुन्हा प्रकट होतो. हे घटक स्वतंत्र असतील तर अशा रंगीत संततीच्या स्वपरागणातून रंगीत व रंगहीन रोपांचे प्रमाण ९ : ७ असे अपेक्षित असते.

दोघांत एकच घटक निकामी असेल तेव्हा मात्र गुण स्थिर राहतो. ह्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे १९०० साली नोंदलेला 'मॉडीआय' हा संकर. कॅलोसम आणि लॉरेन्सिआनम ह्या दोन चित्रपर्णी जातींच्या आल्बा प्रकारांपासून तो झाला. पांढऱ्या पृष्ठसंदलावर हिरव्या उभ्या रेघा आणि हिरवट ओष्ठ असे त्याचे रूप आजही ताजे वाटते. त्याची संतती रंगहीनच राहते. त्याच गटात पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमकी उलट दिशा धरण्यात आली. कॅलोसमची अतिगडद रोपे निवडून हिरव्याचा शिरकाव कमी करीत नेल्याने जवळजवळ काळपट द्राक्षरंगाची फुले मिळाली. नोंदणीच्या नियमानुसार ह्या दोन टोकांच्या फुलांचे नाव एकच असू शकते. कारण संकरनाम हे जनकजातींच्या जोडीला दिलेले असते, फुलाच्या रंगाला नव्हे. १९०६ पासून सँडर ह्यांच्या यादीतून आणि १९६१ पासून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीमार्फत चाललेल्या ह्या नोंदणीने ऑर्किडांची वंशावळ इतर बहुतेक शोभिवंत वनस्पतींपेक्षा अधिक पूर्ण राखली आहे, हे खरे. परंतु तीत जनकाची गुणितता नोंदली जात नाही. केवळ नाव पाहून जनक निवडणाऱ्याची फसगत होते ती येथे.

आकार आणि रंग ह्यांची गाठ जेथे पडते तो बिंदू आता स्पष्ट करता येईल. मॉडीआय गटातील बरीच झाडे द्विगुणित आहेत. तेथे अप्रभावी घटक बाळगणाऱ्या रंगीत झाडाचे स्वपरागण केले, तर चार रोपांत सरासरीने एक आल्बा मिळते. पण गोल फुलांच्या वंशातील झाड चतुर्गुणित असते. त्यात त्या घटकाच्या दोन प्रती सुस्थित व दोन निकामी आहेत असे धरले, तर दोन्ही निकामी प्रती असलेली गंतुके सहांत एक, आणि चारही प्रती निकामी असलेले रोप छत्तीसांत एक. १ : ३ ऐवजी १ : ३५! एकच निकामी प्रत असेल तर, अपवादात्मक वाटणी सोडल्यास, स्वपरागणातून आल्बा मिळणारच नाही. वाटाण्यासारख्या वर्षायू वनस्पतीत छत्तीस रोपे लावणे ही क्षुल्लक बाब आहे. येथे प्रत्येक रोप फुलण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि बहुगुणितांच्या एका बोंडातून छत्तीस रोपे हाती येतील याचीही खात्री नसते. शिवाय रंगासाठी द्विगुणित आल्बा जाती मध्येच जोडावी, तर संतती त्रिगुणित होऊन वंश तेथेच अडखळतो. ज्या मार्गाने आकार मिळाला त्याच मार्गाने रंगाचे अप्रभावी घटक खोल गाडले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. वेल्समधील बॉडनंट येथे तयार झालेला 'एफ. सी. पडल' हा १९३२ सालचा पांढरा संकर आणि त्याच्या पाठोपाठचे मोजके हिरवे-पिवळे वंश ह्यांचे मोल ह्या पार्श्वभूमीवर कळते.

संकर करण्याची क्रिया स्वतः कठीण नाही. ह्या गटात पराग घट्ट गोळ्यांऐवजी चिकट लगद्याच्या रूपात असतो. ओष्ठ कापून दूर केल्यावर वंध्य केसराच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेला किंजल्क दिसतो. अणकुचीदार काडीने पराग उचलून त्यावर लावावयाचा. खरी परीक्षा पुढेच असते. बोंड पक्व होण्यास अनेक महिने लागतात. बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात पुष्क नसतो. निसर्गात ते विशिष्ट कवकाच्या साहाय्यानेच रुजते, हे नोएल बेर्नार ह्यांनी १८९९ पासून केलेल्या संशोधनात दाखविले. डॉमिनीच्या काळी बी मातृवनस्पतीच्या कुंडीतील शेवाळावर टाकून दैवावर हवाला ठेवावा लागे. कॉर्नेल विद्यापीठातील लुइस नडसन ह्यांनी १९२२ साली, साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक आगरवर कवकाशिवाय बी रुजते असे सिद्ध केले, आणि ऑर्किडांचा धंदा पालटला. मात्र पॅफिओपेडिलमचे बी त्या माध्यमातही हट्टी ठरले. त्यासाठी माध्यमाची घटना, अंधाराचा काळ आणि बोंड काढण्याची वेळ ह्यांचे पुष्कळ प्रयोग करावे लागले.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. जॉर्ज मोरेल ह्यांनी १९६० साली सिंबिडियमच्या विभज्येपासून रोपे वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर सिंबिडियम, कॅटलिया, फॅलेनॉप्सिस ह्यांची उत्कृष्ट झाडे लाखोंनी वाढविता येऊ लागली. पॅफिओपेडिलम ह्या क्रांतीच्या बाहेर राहिले. त्याची कोवळी टोके निर्जंतुक करणेच जिकिरीचे, आणि निर्जंतुक झाली तरी ती बहुधा काळी पडून मरतात. प्रयोगशाळांतून तुरळक यश मिळालेले असले, तरी ह्या गटाची व्यापारी वाढ आजही बियांवर व जुन्या झाडाच्या विभाजनावरच अवलंबून आहे. एका झाडाला वर्षाकाठी एखाद-दुसरा फुटवा येतो, आणि विभागणीस योग्य जुडगा होण्यास काही वर्षे जातात. त्यामुळे पारितोषिक मिळालेले झाड हे जगात कित्येकदा चार-सहा कुंड्यांपुरतेच असते, आणि मुळे कुजण्याच्या एका रोगाने पन्नास वर्षांचे काम संपुष्टात येऊ शकते. एका पिढीस सहा वर्षे धरली, तर तिसाव्या वर्षी काम हाती घेणाऱ्या संकरकारास साठीपर्यंत पाच पिढ्या पाहावयास मिळतात. जनक निवडताना केलेली चूक सहा वर्षांनी कळते. तेव्हा परागाची तपासणी आणि मुळांच्या टोकांतील गुणसूत्रांची गणना ही येथे केवळ विद्वत्तेची हौस राहत नाही. द्विगुणित जातींवर कोल्चिसिनाची क्रिया करून त्यांचे चतुर्गुणित प्रकार तयार करावयाचे आणि मगच त्यांचा बहुगुणितांशी संकर करावयाचा, ही आजची वाट ह्याच गणनेतून निघाली.

मिश्र संकरांचा वंश असा काहीसा कोंडला असता नव्या जातींनी त्यास बगल दिली. पिवळ्याधमक फुलाच्या आर्मेनिआकमचे वर्णन १९८२ साली आणि हिरव्या मालिपोएन्सचे १९८४ साली चीनमधून प्रसिद्ध झाले. १९५१ सालीच वर्णन झालेली गुलाबी, फुग्यासारख्या ओष्ठाची मायक्रँथम ही जातीही त्याच दशकात बागांतून पोचली. व्हिएतनाममधील डेलेनाटाय ही गुलाबी जाती १९२४ पासून ज्ञात होती, परंतु लागवडीतील तिची बहुतेक झाडे दीर्घ काळ फ्रान्समध्ये जगलेल्या एकाच झाडाच्या स्वपरागणातून आलेली होती. ह्या जातींच्या परस्परसंकरांतून, उदाहरणार्थ मायक्रँथम व डेलेनाटाय ह्यांपासून झालेल्या 'मॅजिक लँटर्न'मध्ये, जो स्वच्छ गुलाबी रंग पहिल्याच पिढीत मिळाला, तो इन्सिग्नीच्या वंशात शंभर वर्षांतही मिळाला नव्हता. तेथे हरितद्रव्याचा पडदाच विरळ होता. अमेरिकन प्रजातीतही असेच घडले : १९८१ साली वर्णन झालेल्या शेंदरी लाल फुलाच्या फ्रॅग्मिपेडियम बेसीने त्या प्रजातीचा हिरवा-तपकिरी संसार दहा वर्षांत बदलून टाकला. काही नवे साधावयाचे असेल तर संकरांच्या जंगलात खोल शिरण्यापेक्षा मूळ जातींकडे परतणे फलदायी ठरते, असे ह्या दोन्ही अनुभवांवरून दिसते.

परंतु मूळ जातींची स्थिती समाधानकारक नाही. फेअरीआनम १८५७ साली प्रथम फुलली, पुढे लागवडीतून जवळजवळ नाहीशी झाली, आणि सँडर ह्यांनी तिच्यासाठी एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केल्यावर १९०४-०५ च्या सुमारास भूतानच्या बाजूने पुन्हा मिळाली. मिळताच ती हजारोंनी उपटली गेली. चीन व व्हिएतनाममधील जातींबाबत हाच प्रकार वाहतुकीच्या आधुनिक सोयींसह घडला. संपूर्ण पॅफिओपेडिलम प्रजाती १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात असून, रानातील झाडांचा व्यापार बंद आहे. बाटलीत कृत्रिमरीत्या वाढविलेल्या रोपांना मात्र सवलत आहे. भारतातही १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ह्या प्रजातीस संरक्षण मिळाले. द्वीपकल्पीय भारतात ह्या प्रजातीची एकच जाती आहे : कर्नल ड्रुरी ह्यांना १८६५ साली त्रावणकोरच्या डोंगरांत आढळलेली ड्रुराय. सह्याद्रीच्या उत्तर भागात, म्हणजे महाराष्ट्र व गोव्यात, ती नाही. अगस्त्यमलै परिसरातच तिचे आता मोजके अवशेष उरले आहेत. पिवळ्या फुलाच्या पाकळ्यांवर व पृष्ठसंदलावर मध्यातून जाणारा गडद पट्टा हे तिचे वैशिष्ट्य असून संकरांत तो ठळकपणे उतरतो.

लागवडीतील अशा जातींचे बी आज बहुधा भावंडांच्या संकरातून काढले जाते, आणि त्यासाठी निवड होते ती रुंद पाकळ्यांच्या व सपाट संदलांच्या झाडांची. परिणामी रोपवाटिकेतील 'शुद्ध' जाती पिढीगणिक तिच्या रानातील रूपापासून दूर सरकत आहे. किनाबालू पर्वतावरील रॉथ्सचाइल्डिआनमच्या निवडक वंशांत हे उघड दिसते : त्यांची फुले रानातील फुलांपेक्षा रुंद, गडद आणि मोठी आहेत. प्रदर्शनाच्या दृष्टीने ती सुधारणाच होय. ती झाडे पुन्हा डोंगरावर लावावयाची ठरली, तर मात्र जी जाती तेथून नेली होती, तीच परत नेली जात आहे असे म्हणता येणार नाही.